नवे अंगठेबहाद्दर

सिनेमा पाहताना माणसे नाना प्रकारची सुखे उपभोगतात. कुणी मनसोक्त रडतात, कुणी नायिकेच्या प्रेमात पडतात, कुणी गाणे लागले की बाहेर जाऊन चहा घेऊन येतात. आणि थिएटरे वातानुकूलित झाल्यापासून काहीजण चक्क झोपही काढतात. यांपैकी एकाही सुखाचा मी अधिकारी राहिलेलो नाही. मी सिनेमा पाहताना हिशेब करतो. नायकाने नायिकेला मोठ्या हॉटेलात जेवायला नेले की त्या जेवणाचे पैसे कोणी दिले, हा प्रश्न मला छळू लागतो. नायक बेकार आहे हे दहा मिनिटांपूर्वीच त्याच्या आईने डोळ्यांना पदर लावून सांगितलेले असते. आणि आता तो स्वित्झर्लंडच्या बर्फात गाणे म्हणत हिंडत असतो. त्या विमानाच्या तिकिटाचे काय, असे मी शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना विचारतो. “अहो, सिनेमा पाहू द्याल का?” एवढेच उत्तर येते, आणि ते अगदी रास्त असते.

हा छंद मला जडला तो मात्र व्यवसायामुळे. छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. आता मराठीच्या प्राध्यापकाचा आणि पैशाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. तो महिन्याच्या पहिल्या तारखेपुरता असतो, हे मला मान्य आहे. पण आमच्या अभ्यासक्रमात हल्ली माध्यमांसाठी लेखन येते, त्यात चित्रपटाचे रसग्रहण येते, आणि त्या तासाला माझ्या वर्गाचे रूप पालटते. ज्ञानेश्वरीतल्या उपमेविषयी प्रश्न विचारला तर पंख्याचा आवाज ऐकू येतो. सिनेमाचे नाव काढताच हजेरीपुरता येणारा शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही पुढे सरसावतो. कोणत्या सिनेमाने पहिल्या आठवड्यात किती कोटींचा गल्ला जमवला, हे या मुलांना मुखोद्गत असते. २०१६ साली ‘सैराट’ने मराठी सिनेमाला शंभर कोटींचा आकडा दाखवला, हे तर ती घरच्या लग्नाइतक्या अभिमानाने सांगतात.

अशाच एका तासाला मी सहज विचारले, “आणि गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती रुपये खर्च केले?” वर्गात पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बऱ्याच वेळाने एकजण म्हणाला, “असतील सर, चार-पाच हजार.” चार आणि पाच यांच्यामध्ये एक हजार रुपयांचे अंतर आहे, आणि त्या एक हजारात खेड्यातल्या एखाद्या घराचा पंधरवड्याचा किराणा येतो, ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती.

आमच्या विद्यार्थिदशेत आम्ही फार शहाणे होतो, असे मला सुचवायचे नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत खोकडपुऱ्यात, बेगमपुऱ्यात, औरंगपुऱ्याच्या बोळांत खोल्या करून राहणारी खेड्यापाड्यांतली मुले हिशेबी होती, ती केवळ हिशेब करण्यावाचून गत्यंतर नव्हते म्हणून. गावाकडून एसटीने डबा यायचा. कधी बस चुकली तर डबाही चुकायचा. शंभराची नोट मोडली की ती मेल्यासारखे वाटे, म्हणून ती मोडण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करी. आजच्या मुलाला नोट मोडावी लागत नाही. तो फोन पुढे करतो, टुणकन आवाज होतो, आणि काही गेले असे त्याला वाटतच नाही. मौज अशी की, त्याच्या प्रत्येक व्यवहाराची तारीखवार नोंद त्या फोनमध्ये आपोआप होत असते. आमच्या आजोबांच्या काळातल्या दिवाणजींनाही इतकी चोख कीर्द ठेवता आली नसती. पूर्वी हिशेब हाताने लिहावा लागे, म्हणून कोणी लिहीत नसे. आता तो लिहून मिळतो, आणि कोणी वाचत नाही.

वाचणे हा माझा धंदा. तेव्हा मी वर्गाला एक नवाच गृहपाठ दिला. आवडता सिनेमा पाहा, आणि त्याचे रसग्रहण लिहिण्यापूर्वी त्याची कीर्द लिहा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. पैसा कोठून आला, कोठे गेला, आणि कोणाच्या खिशातून गेला, एवढेच पाहायचे. ‘कीर्द’ म्हणजे रोजचा जमाखर्च आणि ‘खतावणी’ म्हणजे त्याच नोंदी खात्याखात्यांत लावलेल्या, हे सांगण्यात माझी पहिली दहा मिनिटे गेली. शब्दांपासून आरंभ झाल्यामुळे निदान तास मराठीचाच आहे, याविषयी मला स्वतःला दिलासा मिळाला.

पहिला प्रयोग मीच निवडला : १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’. राजा परांजपे यांचे दिग्दर्शन, गदिमांची लेखणी, सुधीर फडक्यांचे संगीत. कफल्लक तरुणापुढे नायिकेचा धनाढ्य बाप एक लाख रुपये ठेवतो आणि ते महिन्याभरात उडवून दाखवण्याची अट घालतो. पैसा काही केल्या संपत नाही. उलट वाढून परत येतो. काळ्यापांढऱ्या चित्रपटाला हल्लीची मुले जांभया देतील असे मला वाटले होते, पण वर्ग पोट धरधरून हसला. एकजण म्हणाला, “सर, त्यांना आमच्याकडे पाठवायचं होतं. तासाभरात लाख संपवून दिला असता!” त्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, “लाखाचं काय केलंस, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. शंभराचं काय केलंस, हे मात्र आई रोज विचारते.” अर्थशास्त्राच्या विभागातही इतके नेमके वाक्य क्वचितच ऐकायला मिळत असेल.

मग ‘अशी ही बनवाबनवी’ची पाळी आली. १९८८ चा हा सिनेमा या मुलांना पाठ आहे. त्यांच्या जन्मापूर्वीचा असूनही संवादांसकट पाठ आहे. भाड्याच्या घरासाठी काय काय सोंगे वठवावी लागतात, याची ती कथा. खोली करून राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने कीर्दीखाली शेरा लिहिला : ‘चौघांनी भाडे कसे वाटून घेतले, अनामत रक्कम कोणी भरली आणि तिची पावती घेतली काय, हे दिग्दर्शकाने दाखवलेले नाही.’ चौकशी केली तेव्हा कळले की, टीव्ही सेंटरकडे त्याच्या खोलीवर गॅसच्या टाकीच्या वर्गणीवरून दोघांत महिनाभर अबोला होता. सिनेमात न दाखवलेले तेवढेच त्याच्या आयुष्यात घडत होते.

शंभराचा हिशेब देणाऱ्या त्या मुलीने तर सिनेमा सोडून सिनेमाला जाण्याचाच जमाखर्च मांडला. मैत्रिणींबरोबर ती प्रोझोन मॉलमध्ये गेली होती. तिकीट १९० रुपये, मक्याच्या लाह्या व थंड पेय ३४०, रिक्षाचा वाटा ८०, आणि परतताना कॅनॉट प्लेसमध्ये कॉफी १५०. एकूण ७६०. खाली तिने लिहिले होते : ‘सिनेमा १९० रुपयांचा, सिनेमाला जाणे ५७० रुपयांचे. सिनेमापेक्षा सिनेमाला जाणे तिप्पट महाग.’ तिने सिनेमा सोडला नाही. पुढच्या वेळी घरून खाऊन निघाली आणि कॉफीच्या वेळी मैत्रिणींना नाक्यावरच्या चहावर घेऊन गेली, इतकेच. काटकसर म्हणजे सुखाचा त्याग, अशी आपली एक भाबडी समजूत असते; या मुलीने सुखातले सुख ठेवले आणि त्याच्या भोवतीचा फाफटपसारा काढून टाकला.

इथवर सारे हसतखेळत चालले होते. पण सिनेमाची खतावणी उलटत मागे जाऊ लागले की कर्जाचे पान आल्यावाचून राहत नाही. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि त्यात तरुण शांतारामबापूंनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे काम केले. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त सारे संकट उभे राहते ते सासूने काढलेल्या पाचशे रुपयांच्या कर्जातून. कागदावर काय लिहिले आहे ते घरात कुणालाच वाचता येत नाही. अंगठा तेवढा उमटलेला असतो. आणि पंचांच्या निवाड्याने पिकाचे तीन हिस्से सुखीलालाच्या घरी जातात. त्या चित्रपटावर माझ्या वर्गातल्या मुलांनी पाने भरभरून लिहिले. नर्गिसच्या अभिनयावर लिहिले, नांगर ओढणाऱ्या आईवर लिहिले. अंगठ्यावर कुणीच लिहिले नाही. निरक्षरतेचा तो काळ आपल्या मागे पडला, असेच त्यांना वाटत असावे.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका सकाळी, अनोळखी क्रमांकावरून माझ्या फोनवर एक संदेश आला. माझ्या एका विद्यार्थ्याचा फोटो, खाली त्याचे नाव आणि त्यापुढे ‘चोर’ हा शब्द. थोड्या वेळात कळले की तोच संदेश त्याच्या वसतिगृहातल्या मित्रांना, आत्याला, शाळेतल्या जुन्या गुरुजींना, इतकेच काय, त्याची सायकल दुरुस्त करणाऱ्यालाही गेला आहे. त्याच्या फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे क्रमांक होते, त्या सर्वांना गेला आहे. मला साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची आठवण झाली. त्या पुस्तकात जप्तीची दवंडी गावभर पिटली जाते, आणि श्यामच्या आईला ती जिव्हारी लागते. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. आणि आपण सर्वांनी आईच्या मायेसाठी डोळे पुसले. पण ती गोष्ट जितकी मायेची, तितकीच कर्जाचीही आहे. दवंडीला आता ढोल लागत नाही आणि ती एका गावापुरतीही राहत नाही, एवढाच काय तो फरक.

मुलगा कन्नडच्या पुढच्या एका गावातला. स्वभावाने अबोल, अक्षर सुरेख. चार दिवस तो वर्गात आला नव्हता. मी त्याला बोलावून घेतले आणि आम्ही दोघे ग्रंथालयातल्या एका कोपऱ्यात त्याचा फोन मधे ठेवून बसलो. शिष्यवृत्तीची रक्कम यायची होती, मेसचे पैसे थकले होते, आणि त्यातच मित्रांचा नव्या सिनेमाच्या पहिल्या खेळाचा बेत ठरला. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ हे तीन शब्द त्याला उच्चारता आले नाहीत. फोनवर एका कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात आली. पाच मिनिटांत ५,००० रुपये मंजूर झाले. हाती मात्र ३,५०० आले. उरलेले १,५०० शुल्काच्या नावाखाली आधीच कापले गेले. सात दिवसांनी परत करायचे ते पुरे ५,०००. ते फेडण्यासाठी दुसरे ॲप, दुसऱ्यासाठी तिसरे, तिसऱ्यासाठी चौथे. चौघांकडून मिळून त्याच्या हाती १४,००० आले होते. २१,००० त्याने फेडले होते. आणि अजून २७,००० द्यावेत अशी मागणी होती.

मी कागद-पेन्सिल घेतली. ३,५०० वर सात दिवसांचे १,५०० म्हणजे आठवड्याला शेकडा जवळजवळ त्रेचाळीस. वर्षाचे बावन्न आठवडे धरले, तर शेकडा बावीसशेच्याही वर. खेड्यातला सावकार महिन्याला शेकडा पाच घेतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो; त्याचा दर वर्षाला साठ होतो. सुखीलालाने हा आकडा पाहिला असता तर त्यानेही कानाला हात लावला असता. “हे तू वाचलं होतंस का?” मी विचारले. त्याने मान हलवली. इंग्रजीत लांबच लांब मजकूर होता. शेवटी ‘मला मान्य आहे’ अशा अर्थाचे बटण होते. त्याने ते दाबले होते. कशाने दाबले होते, हे मी विचारले नाही. फोन हाती धरून माणूस कोणत्या बोटाने काम करतो, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्याचे वडील आले. पोराला ते काहीच बोलले नाहीत. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग त्याच्याकडे वळून एवढेच म्हणाले, “माझ्या बापाला वाचाया येत नव्हतं, म्हून त्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा दिला. त्याच्यापायीच तुला शिकाया धाडलं. तुला तर वाचाया येतंय ना रं बाबा? मंग तू काहून अंगठा दिला?”

मुलगा रडू लागला. मला मात्र त्या प्रश्नाने खिळून ठेवले. तीन पिढ्यांचा शिक्षणाचा सारा खटाटोप त्या एका प्रश्नात होता. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. कारण दप्तरात काय आहे ते त्यांना वाचता येत नव्हते आणि जाळणे तेवढे हाती होते. त्यातूनच १८७९ चा डेक्कन शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण अंगठ्याचा अनुभव इथेही निराळा नव्हता. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी दप्तरे जाळली. ज्यांना वाचता येते ते न वाचता मान्यता देतात. आपल्या भाषेत निरक्षराला गमतीने ‘अंगठेबहाद्दर’ म्हणतात. पदवीच्या वर्गात बसलेले हे नवे अंगठेबहाद्दर पाहिले की मला त्या शब्दाची गंमत वाटेनाशी होते.

आम्ही तिघांनी मिळून तक्रार केली. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे; पोलिसांचा सायबर विभाग आहे. धमक्यांचे संदेश पुसून टाकण्याची मुलाची तयारी होती. ते जपून ठेवायला लावले, कारण तोच पुरावा. धमक्या हळूहळू विरळ झाल्या. सर्वांत मोठा उतारा पडला तो वडिलांना कळल्याने. जोवर घरच्यांना कळण्याचे भय होते, तोवरच त्या दवंडीत जोर होता. आईबापांना माझे एवढेच सांगणे आहे की, मुलाने आपल्या चुकीचा आकडा तुमच्यापुढे मांडला, तर आधी आकडा ऐकून घ्या. बोलणी खायला पुढे सारे आयुष्य आहे.

हे प्रकरण निस्तरत असता मला पुष्कळ काही नवे वाचावे लागले आणि एक सुखद धक्काही बसला. हाती कमी टेकवणाऱ्या, संपर्कयादी उचलून बदनामी करणाऱ्या या धंद्याला आपल्याकडे मोकळे रान नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधली संपर्कयादी, फोटो वा कॉलची नोंद यांना हात लावता येत नाही. तेव्हा जे ॲप संपर्कयादी मागते, ते मागण्यातच आपली जात सांगते. २०२५ पासून बँका व वित्तसंस्थांच्या कर्ज-ॲपांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. आणि मराठीच्या मास्तराला सर्वांत आवडलेली गोष्ट ही : १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर एक मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. म्हणजे मराठीत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्या पत्रकात तीन आकडे शोधायचे : हाती किती येणार, एकूण किती फेडायचे, आणि सर्व शुल्के धरून वर्षाचा दर किती. हे तीन आकडे कागदावर उतरवून काढीपर्यंत अंगठा खिशात ठेवावा.

मग मी वर्गाला एक शब्द दिला : ‘दामदुप्पट’. अर्थ विचारला, तेव्हा सर्वांनी एकमुखाने सांगितले की, पैसे दुप्पट करून देणारी योजना. जाहिरातींनी या शब्दाची काय दशा केली पाहा! जुन्या हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, असे तो सांगे. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांतही तो चाले. जो शब्द सावकाराचा हात धरण्यासाठी होता, तोच आता माणसाचा हात धरून त्याला खड्ड्याकडे नेतो.

त्या खड्ड्याचे वर्णन सिनेमाने केव्हाच करून ठेवले आहे. राज कपूरच्या १९५५ च्या ‘श्री ४२०’ मध्ये गरिबांना शंभर रुपयांत पक्के घर देण्याची योजना निघते आणि फुटपाथवरची माणसे आपली पुंजी घेऊन रांग लावतात. २००६ च्या ‘फिर हेरा फेरी’त एकवीस दिवसांत पैसे दुप्पट व्हायचे असतात. आपण खदखदून हसतो. आणि २०२२ साली आमच्याच जिल्ह्यात ‘तीस-तीस’ प्रकरण गाजते. बिडकीन भागात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या हाती मोबदल्याचा पैसा खुळखुळत होता. भरमसाट परताव्याच्या आशेने कित्येकांनी तो त्यात ओतला. फसवणुकीचे चारशेवीस कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरा झाले. कलमाचा आकडा बदलला. फसवणाऱ्याचा आकडा तोच राहिला. त्याला उतारा म्हणून मी मुलांना बहात्तराचा सोपा हिशेब शिकवला. बहात्तराला व्याजाच्या दराने भागा, म्हणजे पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षे लागतात ते कळते. शेकडा आठ दराने नऊ वर्षे, सहाने बारा. एकवीस दिवस म्हटले, की सिनेमा विनोदी आहे हे ओळखावे आणि खिसा सांभाळावा.

हे सारे ऐकून एका विद्यार्थ्याने मला कोंडीत पकडले. “म्हणजे सर, कर्ज काढूच नये?” त्याला मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली सिनेमाचे तंत्र शिकायला इंग्लंडला जाण्यासाठी त्यांनी आपल्या आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवल्या. परत आल्यावर लगेच कोणापुढे हात पसरला नाही. आधी एका रोपाची वाढ टिपणारी छोटीशी फिल्म करून धनकोला दाखवली. सरस्वतीबाईंचे दागिने पणाला लागले, ते त्यांच्या संमतीने. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त परेश मोकाशींनी ही कथा मोठ्या खेळकरपणे सांगितली आहे. फाळके पुढे काही धनवान होऊन मेले नाहीत. परंतु कशासाठी, किती आणि कशाच्या बळावर, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्यापाशी होती. शिक्षणासाठी काढलेले बँकेचे कर्ज या जातीचे असू शकते. पहिल्या खेळाच्या तिकिटाचे नव्हे. आणि योगायोग पाहा : आपल्या पहिल्या चित्रपटाचा नायक म्हणजे देणे चुकते करण्यासाठी स्वतःला विकणारा राजा! भारतीय सिनेमाचा आरंभच मुळी जमाखर्चाने झालेला आहे.

तो कन्नडचा मुलगा आता ‘कमवा व शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली ही वाट इतकी वर्षे झाली तरी गरिबाच्या पोराला उपयोगी पडते आहे. पुस्तकांची नोंदवही त्याच्या सुरेख अक्षरात भरत चालली आहे. परवा मित्रांचा सिनेमाचा बेत ठरला, तेव्हा “माझ्याकडे पैसे नाहीत, पुढच्या महिन्यात येतो,” असे तो मोठ्याने म्हणाला. आकाश कोसळले नाही. उलट दुसरा एकजण हळूच म्हणाला, “माझ्याकडंबी नाहीत.” तिसऱ्याकडेही नव्हते. मग बेतच पुढे ढकलला गेला. तिघेही एकमेकांच्या भिडेपोटी श्रीमंत होते, हे त्या दिवशी उघडकीला आले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घराघरांत दिवाळी चालू असेल. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पैसा मांडतो, दागिने मांडतो. व्यापारी मात्र आणखी एक वस्तू मांडतो : कोरी वही. लक्ष्मी कोठून आली नि कोठे गेली याची नोंद ठेवणाऱ्या घरीच ती टिकते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. यंदा कॉलेजात जाणाऱ्या तुमच्या मुलामुलीसाठीही एक साधी शंभर पानी वही त्या पाटावर ठेवा. पूजा झाल्यावर हळदकुंकवासकट ती त्यांच्या हाती द्या. पहिली नोंद कशाची करू, असे ती विचारतील. शेवटी पाहिलेल्या सिनेमाची करा म्हणावे. आणि मक्याच्या लाह्या विसरू नका म्हणून सांगावे.